वेणी वर घ्या

मी दिवसातून साठ वेळा एकच वाक्य म्हणते: "वेणी वर घ्या." मग पुढचं सगळं येतं. हनुवटी इथे टेका, खांदे पुढे, श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. पण आधी वेणी. छातीचा एक्स-रे काढताना वेणी खांद्यावरून पुढे लोंबत राहिली तर तीही फोटोत येते. फुफ्फुसाच्या टोकावर करडा डाग उमटतो आणि तो थेट आजारासारखा दिसतो. गेल्या महिन्यापर्यंत माझ्या एकाही फिल्मवर वेणी आली नव्हती. आता फिल्म कुठे राहिली, सगळं पडद्यावरच दिसतं, पण आम्ही जुनी माणसं अजून फिल्मच म्हणतो. सव्वीस वर्षांच्या नोकरीत एकही वेणी नाही, असं मी म्हटलं की माझ्यानंतर भरती झालेल्या दोघी एकमेकींकडे बघतात. बाई नाकाने कांदे सोलतात, असं त्यांना वाटतं. वाटू दे. त्यांच्या फिल्मवर वेण्या यायच्या, माझ्या नाही.

गेल्या महिन्यात आली. ती कशी आली ते सांगायचं आहे, म्हणून थोडं मागून सुरुवात करते.

अडीच वर्षांपूर्वी आमच्या हॉस्पिटलात एक नवा पाहुणा आला. पाहुणा म्हणजे संगणकातला प्रोग्रॅम. छातीची फिल्म आली की तो ती डॉक्टरांच्या आधी तपासतो आणि जिथे संशय येईल तिथे पिवळी चौकट आखतो. लाखो फिल्म बघून शिकलाय म्हणे. आमच्या रेडिऑलॉजिस्टनी, ज्यांना सगळं हॉस्पिटल सर म्हणतं, पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव चौकटराव ठेवलं. ते नाव असं चिकटलं की बसवायला आलेली कंपनीची मुलगीसुद्धा जाताना "चौकटरावांना सांभाळा" म्हणून गेली.

सर बसतात ती खोली कॉरिडॉरच्या टोकाला. खिडकी बंद, दिवा मंद, समोर दोन पडदे. एसी त्यांच्या थेट डोक्यावर, म्हणून बाराही महिने अंगात एक विटकं स्वेटर. फिल्म वाचायची त्यांची पद्धत ठरलेली. आधी चौकट लपवून ठेवायची, फिल्म आपण कडेकडेने बघत आत यायचं, मनाशी उत्तर ठरवायचं आणि मग एक कळ दाबून चौकटरावांचं उत्तर बघायचं. "पेपर आपण सोडवायचा आणि मग शेजाऱ्याचा बघायचा," ते म्हणायचे. "आधी बघितला तर ती कॉपी."

भिंतीवर एक पांढरा फळा होता. त्यावर सरांनी चौकटरावांच्या घोडचुका लिहायला घेतल्या. शर्टाचं बटण. खिशातलं पेन. गळ्यातलं लॉकेट. आणि सगळ्यात वर, वेणी. वेणीपुढे इतक्या उभ्या रेघा झाल्या की शेवटी सरांनी मोजणं सोडलं. "बिचारा वेणीला फार घाबरतो," ते म्हणायचे आणि आम्ही हसायचो. मी जरा जास्तच हसायचे, कारण त्यातली एकही वेणी माझी नव्हती. पण उगाच खोटं कशाला बोलू? आठवड्यातून एखादी चौकट अशी निघायची की सर खुर्चीत पुढे सरकायचे आणि तीच जागा पुन्हा मोठी करून बघायचे. त्या चौकटी कोणी फळ्यावर लिहिल्या नाहीत.

आता वहिनींबद्दल. वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. मोठे दीर गेल्यापासून त्या वरच्या मजल्यावर एकट्या राहतात, आम्ही खालच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा सगळ्यात आधी त्यांचे केस माझ्या डोळ्यात भरले. कमरेच्या खाली जाणारी, मनगटाएवढी जाड वेणी. माझी स्वतःची शेपूट कधी खांद्याखाली उतरली नाही, तेव्हा मला मत्सर वाटला नाही असं म्हणणं म्हणजे शुद्ध थाप. त्या ती वेणी स्वतःच घालायच्या, आरशाशिवाय, बोलता बोलता.

माझी ड्यूटी सकाळी सातची. साडेसहाला मी घराबाहेर पडायचे. माझी मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा तिच्या दोन वेण्या कोण घालणार हा प्रश्न आला. तो मी कोणाला विचारलाही नाही. वहिनी आपल्या कंगवा घेऊन खाली आल्या आणि पुढची दहा वर्षं रोज येत राहिल्या. संध्याकाळपर्यंत एक बट सुटायची नाही. मी त्यांना काय म्हणायचे? "फार आवळता हो वहिनी, पोरीचं डोकं दुखतं." उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा जुना आजार. त्याची फिल्म निघत नाही म्हणून चाललंय.

तर वहिनींचा उजवा खांदा दुखायला लागला. हाडांचे डॉक्टर म्हणाले खांदा आखडलाय, या वयात होतं, व्यायाम करा. तरी एक फिल्म काढू. ती मीच काढली. खांद्याची फिल्म काढताना यंत्रातून प्रकाशाचा एक चौकोन अंगावर पडतो. जेवढा चौकोन, तेवढीच फिल्म. तो मी नेहमी बरोबर खांद्यापुरता आवळते. उगाच बाकीच्या अंगावर किरणं कशाला? माझ्या खांद्याच्या फिल्म सर नवीन मुलींना नमुना म्हणून दाखवतात. वहिनींचीही तशीच निघाली, स्वच्छ, सुबक, खांदा आणि फक्त खांदा. त्यात काही नव्हतं.

पाच महिने गेले. व्यायाम झाला, शेक झाला, तेल झालं. दुखणं खांद्यातून कोपरापर्यंत उतरलं. मी जिन्यात भेटले की विचारायचे, "व्यायाम करता ना? करत नसणार." त्या म्हणायच्या, "करते गं." एवढंच.

मग डॉक्टरांनी पुन्हा एक फिल्म लिहून दिली. त्या दिवशी सकाळपासून एका कारखान्याच्या कामगारांची तपासणी होती. बेचाळीस माणसं, सगळ्यांच्या छात्या. नंबर लावून बसलेल्या त्या रांगेत वहिनीही बसल्या होत्या, डोक्याला रुमाल बांधून. मी खुणेने बोलावलं. त्यांनी मान हलवली. जवळ गेले तर हळूच म्हणाल्या, "मी रांगेतच बसते. तू उगाच ओळख दाखवू नकोस." झालं, तिथेच माझं डोकं तापलं. सख्खी जाऊ दारात असताना तास-दीड तास बाकावर बसणार, आणि लोक मला काय म्हणतील?

त्यांचा नंबर आला. आत आल्या, रुमाल सोडला. आणि मी बघतच राहिले. केस कानापर्यंत कापलेले, तेही वाकडेतिकडे, घरीच कात्री चालवल्यासारखे.

"वहिनी! केस?"

"कापले."

"कापले म्हणजे? कोणाला विचारून?"

"माझ्याच डोक्यावरचे होते. त्यासाठी सभा बोलवायची होती का?"

"या वयात बऱ्या फॅशनी सुचतात तुम्हाला."

वहिनी गप्प बसल्या. त्या उलट बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या गप्प बसतात तेव्हा माझा तिळपापड होतो. मी त्यांना फळीला टेकवून उभं केलं, आत काचेमागे गेले आणि बटण दाबलं. फिल्म पडद्यावर आली ती बघितलीही नाही, तशीच पाठवून दिली. "झालं. जा," म्हटलं. त्या रुमाल बांधून गेल्या. लगेच एक चार वर्षांचं लेकरू आलं, ते काही केल्या स्थिर उभं राहीना, म्हणून शिशाचा जाड एप्रन चढवून मी स्वतः त्याला धरून उभी राहिले आणि आमच्यातल्या एकीने बटण दाबलं.

त्या लेकराची फिल्म पाठवताना माझं लक्ष वरच्या ओळीकडे गेलं. वहिनींच्या नावापुढे "छाती" लिहिलं होतं.

आमच्याकडे फिल्म काढण्याआधी कुठला अवयव ते संगणकावर निवडावं लागतं. बेचाळीस छात्यांनंतर मी ते बदललंच नव्हतं. छाती निवडली की प्रकाशाचा चौकोन आपोआप मोठा उघडतो, तोही मी आवळला नव्हता. म्हणजे चोवीस वर्षं नोकरी झालेल्या बाईने खांद्याची फिल्म छातीच्या नावाने पाठवली होती, आणि अर्धं फुफ्फुस त्यात फुकट आलं होतं. एकदा गेलेली फिल्म मला परत ओढता येत नाही. नाव फक्त सर बदलू शकतात. सरांनी बघायच्या आत जाऊन सांगावं म्हणून मी तशीच निघाले. हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचंच होतं, तर निदान लवकर तरी.

पोचले तर फिल्म सरांच्या पडद्यावर होती. चौकटही होती, फुफ्फुसाच्या अगदी वरच्या टोकावर, कॉलरच्या हाडामागे.

"या, या," सर म्हणाले. "बाई, हे काय? खांद्याची फिल्म छातीत, आणि वर पुन्हा वेणी?"

नाव चुकलं ते मी कबूल करायला गेले होते. पण वेणी?

"माझ्या फिल्मवर वेणी?" मी म्हटलं. "माझ्या?"

"ही बघा ना. टोकावर करडं, खाली लांबट. चौकटराव नेहमीप्रमाणे घाबरलेत. मलाही ते दिसलं होतं, मी वेणी म्हणून सोडून दिलं."

"सर, चोवीस वर्षांत माझ्या एका फिल्मवर वेणी आलेली दाखवा, मी उद्या राजीनामा देते."

"अहो, समोर दिसतेय ती काय आहे मग?"

"ती वेणी असूच शकत नाही. या बाईला वेणी नाहीच! केस कानापर्यंत आहेत. आत्ताच त्यावरून भांडून आलेय मी तिच्याशी."

मी हे तावातावाने बोलले. माझी अब्रू वाचवायला बोलले, बाकी काही मनात नव्हतं. पण बोलून झालं आणि सरांचा हात थांबला. त्यांनी चौकट घालवली. ती जागा मोठी केली. अजून मोठी केली. वरच्या पहिल्या बरगडीच्या कडेवरून ते हळूहळू बोट फिरवत गेले आणि एका जागी थांबले. तिथे कड नीट दिसत नव्हती, उंदराने कुरतडल्यासारखी होती. इतक्या वर्षांत मीही हजारो बरगड्या बघितल्या आहेत. मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"खांदा किती दिवस दुखतोय यांचा?" सरांनी विचारलं.

"सहा महिने."

"हात?"

"कोपरापर्यंत जातं म्हणतात." मग मी सांगून टाकलं. "सर, माझ्या जाऊबाई आहेत त्या."

सर माझ्याकडे वळले. "अजून लांब गेल्या नसतील," ते म्हणाले. "बोलवा त्यांना. आत्ताच."

मी धावले. शिशाचा एप्रन अंगावरच होता हे मला फाटकाबाहेर पडल्यावर कळलं, तेही पायऱ्या उतरताना गुडघ्यांनी सांगितलं म्हणून. वहिनी बसथांब्यावर बाकावर बसल्या होत्या, पिशवी मांडीवर, डावा हात उजव्या दंडावर. मला तशा अवतारात येताना बघून त्यांना हसूच आलं.

"वहिनी, चला. फिल्म बिघडली. परत काढायची आहे."

त्यांचं हसू हळूहळू मावळलं.

"तुझी फिल्म बिघडली?"

"हो."

"तुझी?"

मी मान खाली घातली. ताकास तूर लागू द्यायची नाही असं ठरवून आले होते, पण ज्या बाईने वीस वर्षं माझ्या तोंडून माझ्या फिल्मची फुशारकी ऐकली, तिच्याशी मी खोटं बोलायला गेले तेही नेमकं हेच खोटं. वहिनींनी पिशवी उचलली आणि म्हणाल्या, "चल."

रस्ता ओलांडताना माझ्याने राहवेना. "केस का कापले हो?"

"हात वर जात नव्हता गं. वेणी घालता येईना. रोज सकाळी कोणाला हाक मारणार?"

मी खालच्याच मजल्यावर राहते. सोळा पायऱ्या. दहा वर्षं त्या सोळा पायऱ्या उतरून ती बाई माझ्या मुलीची वेणी घालायला आली होती, आणि तिला एकदाही वाटलं नाही की मला हाक मारावी. तसं वाटण्यासारखं मी काही केलंच नव्हतं. भर रस्त्यात मला रडू फुटलं. वहिनी म्हणाल्या, "अगं, मागून गाडी येतेय," आणि मला डाव्या हाताने ओढून पलीकडे नेलं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण तेव्हाचे महिने मला आठवायला आवडत नाहीत. छातीची फिल्म झाली, सीटी झालं, सुईने तुकडा काढला. कॅन्सर होता. फुफ्फुसाच्या टोकाला, जिथून हाताच्या नसा जातात, तिथे. म्हणून दुखायचा खांदा, आणि सगळे बघत बसले खांदा. पण अजून लहान होता, जागचा हलला नव्हता. मोठे डॉक्टर म्हणाले, आणखी चारसहा महिने गेले असते तर ऑपरेशनचं नावच काढता आलं नसतं. आधी औषधं आणि किरणं, मग ऑपरेशन. औषधांनी उरलेले केसही गेले, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "निम्मं काम मी आधीच करून ठेवलं होतं." आमच्या घरात त्या दिवसांत एवढा एकच विनोद झाला, पण तो आम्ही पुष्कळ दिवस पुरवला. रोज सकाळी मी सहाला सोळा पायऱ्या चढून वर जायचे, चहा ठेवायचे, आणि मगच कामावर.

सरांनी वहिनींची आधीची फिल्मही काढून बघितली. मला बोलावून म्हणाले, "यात काही नव्हतं. म्हणजे होतं, पण तुमच्या चौकोनाच्या दोन बोटं बाहेर." मला वाटलं आता जमीन दुभंगावी. ते म्हणाले, "चौकोन बरोबरच होता. काम चोख होतं. पण यापुढे तीन महिन्यांत खांदा सुधारला नाही तर छातीही काढायची, असं मी हाडांच्या डॉक्टरांना सांगितलंय." मग स्वेटरची बाही ओढत म्हणाले, "बाई, तुम्ही त्या दिवशी चिडला नसतात तर मी वेणी लिहून पुढे गेलो असतो. मला ते दोनदा दिसलं. एकदा मी बघितलं, एकदा त्याने दाखवलं. दोन्ही वेळा मी वेणीच म्हटलं." दुसऱ्या दिवशी बघते तर फळा कोरा. पुसला कोणी, मी विचारलं नाही.

चौकटरावांचे आभार कसे मानायचे हा मला प्रश्नच आहे. त्यांना चहा चालत नाही. त्यांना वहिनी कोण ते माहीत नाही, आपण काय केलं तेही माहीत नाही. मी चुकून त्यांच्या पुढ्यात खांदा ठेवला, तर हा माझा प्रांत नाही असं त्यांनी म्हटलं नाही. दिसलं ते दाखवलं. बेचाळीस छात्यांनंतर त्रेचाळिसावी फिल्म त्यांनी पहिल्यासारखीच बघितली, आणि ते माझ्याच्याने त्या दिवशी झालं नव्हतं. पण वहिनींना वेणी नाही, हे मात्र त्यांना कुठून कळणार? तेवढं सांगायला एक भांडखोर जाऊ लागली. रोज सकाळी यंत्र चालू करताना मी पडद्याला हळूच म्हणते, "नीट बघा बरं का." आमच्यातली एक जण हसते. दुसरी आता हसत नाही, परवा तिलाही तसंच म्हणताना मी ऐकलं.

आणि आता गेल्या महिन्याचं.

ऑपरेशनला दीड वर्ष झालं. दर काही महिन्यांनी वहिनींची तपासणी असते, आणि त्यांची फिल्म मीच काढते, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. तपासणीच्या आधीचे चार दिवस आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. सकाळी वहिनी आल्या, रांगेत बसल्या, अर्थातच. नंबर आल्यावर आत आल्या आणि दारातच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

"बघ," म्हणाल्या.

वेणी होती. वीतभर, पांढरी आणि पातळ, टोकाला रबर.

"कोणी घातली?"

"माझी मी." आणि त्यांनी उजवा हात उचलला. कानावरून, डोक्यावरून, थेट मानेच्या मागे नेला आणि तीन बोटांनी वेणीचं मूळ धरून दाखवलं. मग ती डाव्या खांद्यावरून पुढे घेतली, पूर्वी घ्यायच्या तशी.

"ही काय वेणी? उंदराची शेपटी आहे," मी म्हटलं. दुसरं काही बोलायला गेले असते तर रडलेच असते.

"असू दे. शेपटी तर शेपटी. तुझ्यापेक्षा लांब आहे."

आम्ही दोघी इतक्या हसलो की बाहेरच्या रांगेतली माणसं वाकून बघायला लागली. हसत हसतच मी त्यांना उभं केलं. हनुवटी टेका, खांदे पुढे, श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. डोळे पुसत फिल्म पाठवली आणि त्यांना बाहेर बसवलं.

पाच मिनिटांनी सरांचा फोन आला. "बाई, जरा या."

पडद्यावर चौकट होती. या वेळी डाव्या बाजूला, ज्या बाजूला कधी काही नव्हतं. फुफ्फुसाच्या टोकावर. सर पडद्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

"बाई," ते सावकाश म्हणाले, "यांना वेणी आहे का?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला.

"आहे," मी म्हटलं. "आहे हो सर! वीतभर आहे! डाव्या खांद्यावर!"

"तुम्ही वर घेतली होती?"

"नाही!" एखादं बक्षीस लागल्यासारखी मी ओरडले. "नाही घेतली! विसरले मी!"

"फळ्यावर लिहू?"

"लिहा. माझ्या नावासकट लिहा."

"आधी परत काढा," सर म्हणाले. त्यांनी फळ्यावर लिहायचं पेन हातात घेतलं होतं, ते खाली ठेवलं. "मग लिहितो."

वहिनी बाकावर बसल्या होत्या. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि माझ्या तोंडून निघालं तेही नेमकं तेच. "वहिनी, फिल्म बिघडली. परत काढायची आहे."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पिशवीचा बंद त्यांनी घट्ट धरला, पण उठल्या नाहीत.

"नाही नाही, ऐका," मी खाली बसले, त्यांचे गुडघे धरले. "या वेळी खरंच बिघडली. खरंच. तुमची वेणी आली त्यात. मी वर घ्यायला सांगितलीच नाही. शपथ, वहिनी. माझी चूक आहे."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. खोटं कुठे सापडतंय का ते शोधत असाव्यात. मग माझा हात धरून उठल्या.

आत मी त्यांची वेणी हातात घेतली. वर उचलली, डोक्यावर वळवून धरली, प्लास्टिकचे चिमटे लावले. एवढ्याशा केसांना दोन चिमटे कशाला, पण दोन लावले.

"वहिनी," मी मागूनच म्हटलं, "दहा वर्षं तुम्ही माझ्या पोरीच्या वेण्या घातल्या. मी कधी तुम्हाला एक शब्द बरा बोलले नाही. फार उपकार आहेत तुमचे माझ्यावर."

त्या फळीला हनुवटी टेकून उभ्या होत्या. हलल्या नाहीत.

"दोन वेण्या," म्हणाल्या. "रोज दोन. आता फिल्म काढतेस की बोलतच बसणार आहेस?"

मी काचेमागे गेले. सर कधी नव्हे ते खोलीतून उठून येऊन माझ्या मागे उभे होते. "श्वास घ्या," मी म्हटलं. "धरून ठेवा." बटण दाबलं. पडद्यावर फिल्म वरून खाली उमटत आली. डावं टोक काळंभोर, असावं तसं. उजवीकडे ऑपरेशनची जुनी खूण, तीही होती तिथेच, होती तेवढीच. चौकटरावांनीही पुढे काही आखलं नाही. पण ते नंतर. तेव्हा फक्त सर माझ्या खांद्यावरून वाकले आणि म्हणाले, "स्वच्छ."

मी बघतच उभी राहिले. किती वेळ ते मला माहीत नाही. काचेपलीकडून वहिनींचा दबलेला आवाज आला.

"अगं, सोडू का आता?"

"सोडा, वहिनी," मी म्हटलं. "सोडा."